पान एकशे एकसष्ट

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी, माझ्या फोनमध्ये नंबर असलेल्या प्रत्येक माणसाला माझ्या नावाने एक लग्नपत्रिका गेली. माझ्या घरात लग्न नव्हतं. पत्रिका मी पाठवली नव्हती.

त्या वेळी मी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत होतो. फोन बाकावर पालथा ठेवलेला होता. पंधरा-वीस मिनिटं आधी मलाही तशीच एक पत्रिका आली होती, तळेगाव ढमढेरेच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नंबरवरून. त्यांचा नातू लग्नाचा आहे हे मला माहीत होतं. वर गणपती, खाली ‘लग्नपत्रिका’ एवढंच. दाबल्यावर फोनने दोनदा परवानगी मागितली. मी दोनदा दिली. पत्रिका उघडली नाही. रेंज नसेल असं समजून फोन पालथा घातला.

ती का दाबली, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे पत्रिकेत वधूवर दोन ओळींत आटोपतात. उरलेली पत्रिका नावांची असते. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, आपले नम्र. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मित्रमंडळ. पत्रिका हाती आली की माणूस आधी आपलं नाव शोधतो, मग ते कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली आहे ते पाहतो. नाव राहिलं म्हणून लग्नाला न गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तीस वर्षांहून जास्त काळ मी तालुक्याचा वार्ताहर आहे. माझं नाव बहुतेक पत्रिकांत शेवटून तिसऱ्या ओळीत असतं. मुख्याध्यापकांनी ते कुठे टाकलंय, एवढंच पाहायचं होतं.

पहिला फोन पाबळहून आला. माझ्याबरोबर कामाला लागलेला जुना वार्ताहर.

“लेका, पोरीचं लगीन काढलंस आन् आमाला मोबाइलवर पत्रिका? घरला यायला काय पाय दुखत्यात?”

“कुणाचं लग्न?”

“आता मलाच इचारतो. पत्रिका तर उघडंना. माझं नाव टाकलंय का न्हाई, तेवढं सांग.”

मला वाटलं तो चेष्टा करतोय. त्यानंतर एका मावसबहिणीचा फोन आला. तिला मुलाकडच्यांचं गाव हवं होतं. मग एका माजी सभापतींचा, अभिनंदनाचा. पाचवा फोन मुलीचा होता. ती पुण्यात खराडीला संगणकाच्या कंपनीत आहे.

“बाबा, माझं लग्न ठरलंय हे मला कधी सांगणार होता?”

मी तिला मुख्याध्यापकांच्या पत्रिकेचं सांगितलं. तिचा आवाज बदलला.

“फाईलच्या नावाच्या शेवटी काय होतं?”

“पाहिलं नाही.”

“ती पत्रिका नव्हती, ॲप होतं. तुम्ही ते फोनमध्ये बसवून घेतलंत. आता तुमचे मेसेज दुसरा कुणीतरी वाचतोय आणि तुमच्या नावाने पाठवतोय. आधी सिम काढा. मग बँकेत जा. घरी नाही, आधी बँकेत.” मग ती म्हणाली, “घरात कपाटभर हॅकरची पुस्तकं आहेत, बाबा.”

सिम काढलं. बँकेत गेलो. खात्याला काही झालं नव्हतं. खातं बंद करून घेतलं, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. साडेबाराला सगळं आटोपलं. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदा फोनमधल्या नंबरांची आठवण झाली. माझ्या फोनमध्ये राहूजवळच्या एका वजनकाट्याच्या मालकाचा नंबर होता. त्याच काट्यावर पावत्या फाडणाऱ्या माणसाचाही होता. दोघं दिवसभर एकाच खोलीत बसत. पत्रिका दोघांनाही गेली होती, एकाच मिनिटाला.

पायरीवरच बसलो. ऊन होतं.

त्या काट्यावर ऊस, कांदा, भुसार, सगळ्याचं वजन होई. वाळूचंही होई. मालकाचे स्वतःचे टिपर होते आणि ते भीमेच्या पात्रातून सरकारी परवान्याशिवाय वाळू काढत. काट्यावरचा माणूस त्या टिपरांचे नंबर मला देत होता. त्याच्या माहितीवर माझ्या दोन बातम्या छापून आल्या होत्या. दोन्ही वेळा गाड्या पकडल्या गेल्या. माहिती कुठून बाहेर जाते, याचा शोध मालक घेत होता. त्याआधीच्या हिवाळ्यात नदीकाठच्या दुसऱ्या एका गावात अशाच संशयावरून एका ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडण्यात आले. त्याने जबाबात मोटारसायकलवरून पडल्याचं लिहून दिलं. ती बातमी मी चार ओळींत दिली होती. मथळा होता, ‘अपघातात चालक जखमी’.

काट्यावरच्या माणसाची आणि माझी ओळख पुस्तकामुळे झाली. तळेगावच्या आठवडे बाजाराहून परतताना जीपमध्ये तो शेजारी बसला होता. वय चाळिशीचं, मांडीवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर उघडं पुस्तक. मुखपृष्ठावर डोक्यावरून टोपडं ओढलेला, चेहरा नसलेला माणूस आणि मागे हिरवे आकडे. ते मी वाचलेलं होतं.

“कुठपर्यंत आलात?” मी विचारलं.

त्याने पटकन पुस्तक मिटलं. “सांगू नका आप्पा. शेवट सांगू नका. तुमच्या पाया पडतो.”

पुढच्या आठवड्यात मी त्याला दुसरं दिलं. त्यानंतर दर बाजाराला पुस्तकांची अदलाबदल होऊ लागली. तो सांगायचा, काट्यावर दोन गाड्यांच्या मध्ये एक प्रकरण बसतं. ही पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. तीन-साडेतीन पानांचं प्रकरण, आणि शेवटच्या ओळीला काहीतरी होतं. फोन वाजतो. पडदा काळा होतो. मग गाडी आली तरी डोकं पुस्तकातच राहतं. काट्यावर येणारे ड्रायव्हर त्याला ‘वाचनालय’ म्हणत.

“काय वाचनालय, आज कुणाचा मुडदा?”

“आज मुडदा न्हाई. आज धरण.”

“धरणाला काय झालं?”

“परदेशात बसून एकानं दारं उघडली. नुसतं बटण दाबून.”

“ह्यॅ! आपल्याकडं दार उघडायचं म्हंजी चार दिस आधी मीटिंग.”

मला ती पुस्तकं का आवडत, हे मला माहीत आहे. माझ्या कामात उत्तर यायला वेळ लागतो. माहितीचा अर्ज टाकायचा, महिना थांबायचं, अपील करायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी जो कागद येतो त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं. पुस्तकातली बाई खोलीचं दार लावते, दहा बोटं चालवते आणि पान उलटेपर्यंत कुणाचं खातं, कुणाचं घर, कुणी कुणाला काय लिहिलं ते सगळं समोर येतं. शिवाय त्या भीतीला माप असतं. उजव्या अंगठ्याखाली किती पानं उरली आहेत ते वाचताना बोटाला कळत असतं. तेवढी पानं संपली की भीती संपणार, हे ठाऊक असतं.

टिपरांचे नंबर देण्याची पद्धतही आम्ही पुस्तकांतूनच घेतली. ती त्याची कल्पना. फोनवर एक अक्षर पाठवायचं नाही, कारण या पुस्तकांत फोनवरचा माणूसच आधी मरतो. तो म्हणाला, पुस्तक द्यायचं-घ्यायचं आहेच, त्यातच लिहू. पानाच्या कडेला एखाद्या ओळीसमोर पेन्सिलचं बारीक टिंब. कितवी ओळ, तो आकडा. दहावी ओळ म्हणजे शून्य. चार पानांत एका गाडीचा नंबर. टिंबं सुरुवातीला करायची नाहीत. “मानूस पुस्तक हातात घेतो तवा पयली चार पानं चाळतो,” तो म्हणाला, “न्हाईतर शेवट बघतो. मधी कुणी जात न्हाई.” धरणाच्या पुस्तकात त्याने एकशे एकसष्टाव्या पानापासून सुरुवात केली.

खरं सांगायचं तर या प्रकाराची आम्हा दोघांनाही मजा वाटत होती. ड्रायव्हरचे पाय मोडल्यानंतरही वाटत होती.

पत्रिका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी एक वाजता, काट्यावरचा माणूस माझ्या घरी आला. त्याआधी तो घरी कधीच आला नव्हता. तसं ठरलेलं होतं. दारात उभा राहून तो मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, “आप्पा, मालकांनी इचारलंय, लगीन कवा हाय?”

मी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे एक पांढरी पिकअप उभी होती. आत कोण होतं ते दिसलं नाही. त्याला आत घेतलं. पत्नीने पाणी आणलं. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला, पाणी न पिता.

“मीच घान केली आप्पा.”

“काय झालं?”

“फोन वाजला, बघितलं तर तुमची पत्रिका. पोरीचं लगीन म्हणल्यावर ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. तोंडातनं निघून गेलं, ‘आप्पांच्या पोरीचं लगीन निघालं वाटतं.’ मालक समोरच. म्हणले, ‘कोण आप्पा?’ आन् तेवढ्यात त्यांचा बी फोन वाजला. तीच पत्रिका.”

“मग?”

“त्यांनी माझ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं. म्हणले, ‘शिरूरचा पत्रकार तुझा आप्पा कवापासनं?’”

त्याने पत्नीकडे पाहिलं. पत्नी आत गेली.

“मी म्हणलं, पुस्तकं देत्यात वाचायला. म्हणले, ‘कसली पुस्तकं?’ ड्रॉवरमधनं काढून दाखवावं लागलं. धरणाचं.”

“टिंबं?”

“पंधरा गाड्या भरल्या व्हत्या. बाजारात तुमाला द्यायचं व्हतं.”

“त्यांनी पाहिली?”

“पयली पानं चाळली. मागं बघितलं. मग म्हणले, ‘बघू तरी काय हाय एवढं, रातंदिस नाक खुपसून बसतोस.’ आन् गाडीत टाकून घेऊन गेले.” त्याने पालथ्या हाताने तोंड पुसलं. “आप्पा, ते वाचत्यात का न्हाई, मला ठावं न्हाई. पेपर तर वाचत्यात.”

मालक पेपर कसा वाचतो ते मी पाहिलं होतं. ओळीखाली बोट धरून, पुटपुटत, पण एकही ओळ न सोडता. माझी दुसरी बातमी छापून आली त्या दिवशी त्याने ती काट्यावर मोठ्याने वाचून दाखवली होती आणि शेवटी पेपरची चौकोनी घडी करून खिशात ठेवली होती. हे मला काट्यावरच्या माणसानेच सांगितलं होतं.

मी त्याला म्हटलं, काही दिवस गावाला जा. बायकोचं माहेर कुठे आहे तिकडे जा.

“गेलो की कळंल त्यांना,” तो म्हणाला. “आन् म्हातारी हाय, दोन म्हशी हाईत. कुणाच्या जिवावर टाकू?”

जाताना दारात पुन्हा मोठ्याने बोलला, “सांगतो मालकांना, लगीन न्हाई, मोबाइलचा घोळ झाला म्हणून.” तो वळला तेव्हा पिकअप निघाली. ती त्याच्या मागेच गेली की दुसरीकडे, ते गल्लीतून दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी मी शिरूरच्या वाचनालयात जाऊन त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणली. खुर्चीत बसलो आणि मालक वाचेल तसं वाचायला लागलो. ओळीखाली बोट धरून.

ते पुस्तक मी आधी एका दिवसात संपवलेलं होतं. जिथे थांबता येईल अशी जागा शोधत मी या वेळी वाचत होतो. अशी जागा नव्हती. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी धरणावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीतला दिवा आपोआप विझतो. तिसऱ्याच्या शेवटी नायिकेला स्वतःच्याच पत्त्यावरून पत्र येतं. सत्तराव्या पानापर्यंत दोन माणसं मेलेली असतात आणि कुणी मारलं ते कळलेलं नसतं. शंभराव्या पानावर थोडी संथ जागा होती, नायिकेच्या बालपणाची, सव्वादोन पानं. तिथे मालक कंटाळेल असं मी धरून चाललो. मग लक्षात आलं की त्याच पानांत तिच्या वडिलांचा ट्रक आहे. ट्रकचं वर्णन चांगलं होतं.

एकशे एकोणसाठाव्या पानाच्या शेवटी भोंगा वाजतो. पहिलं दार उघडलेलं असतं, खालच्या गावात बाजार भरलेला असतो. एवढं वाचल्यावर पुस्तक खाली ठेवणारा माणूस मला डोळ्यांसमोर आणता येईना. पान उलटलं की एकशे साठ, आणि समोरच एकशे एकसष्ट.

मी हिशेब मांडला. बोट धरून वाचणारा माणूस तासाला आठ-दहा पानं वाचतो. मंगळवारी नेलं. दिवसाला चार तास धरले तर शुक्रवार किंवा शनिवार. पुन्हा पुन्हा मांडला तरी तेच आलं. ज्याने ते लिहिलं त्याने कुठेही कसूर केली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं पुस्तक वाईट असावंसं वाटलं.

शुक्रवारी मी घराबाहेर पडलो नाही. फोन दुरुस्तीला टाकला होता. पत्नीच्या फोनवरून त्याला विचारणं शक्य होतं; केलं नाही. पिकअप दोनदा गल्लीवरून गेली असं पत्नी म्हणाली. पांढऱ्या पिकअप आमच्याकडे दर तिसऱ्या घरात आहेत, असं मी तिला सांगितलं. रविवारी एका सहकाऱ्याला राहूकडे दुसऱ्या कामाला पाठवलं आणि येताना काट्यावर चहा पिऊन यायला सांगितलं. तो म्हणाला, काटा चालू आहे, खिडकीत दुसराच माणूस होता. विचारलं तर म्हणाले, रजेवर. कुठे गेलाय, हे कुणी सांगितलं नाही.

सोमवारी मी त्या भागातल्या ओळखीच्या दोन डॉक्टरांना पत्नीच्या फोनवरून सहज म्हणून विचारलं, दोन-तीन दिवसांत अपघाताचं कुणी आलं का. एकाकडे पायाचा एक पेशंट होता. वय सत्तर निघालं.

गुरुवारी दुपारी सव्वाबाराला घरासमोर गाडी थांबली. मालक एकटाच उतरला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत पुस्तक. चपला बाहेर काढून आत आला आणि खुर्चीवर बसला. पुस्तक मांडीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला.

“पत्रकार, लगीन न्हाई म्हणं.”

“नाही. फोन हॅक झाला होता. मी पोलिसांत अर्ज दिलाय.”

“म्या बी दिला.” त्याने पाणी मागितलं, सगळं प्यायला. “तुमच्या नंबरवरनं आली म्हणून उघडली. म्हणलं, नाव कुठं टाकलंय बघावं. उघडली न्हाई. मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी बसलो व्हतो हे वाचत, आन् बँकेचा मेसेज. मग दुसरा. मग तिसरा. बघता बघता खातं साफ. हितं पुस्तकात तेच चाललंय आन् हातातल्या फोनवर बी तेच.”

मी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

“मुद्दाम न्हाई ना पाठवली?”

“मलाही मुख्याध्यापकांकडून आली होती.”

“मास्तर!” तो पहिल्यांदा हसला. “मास्तरला काय कळतंय. त्याला बी कुणीतरी पाठवली असंल.” मग हसणं थांबलं. “तुमी ही असली पुस्तकं वाचता. तुमाला ठावं असंल, पैसं गेलं कुठं?”

“नाही.”

“वाचनालयाला बी इचारलं. त्यो म्हणतो, पुस्तकातल्यांना कळतं, आपल्याला न्हाई. लई घाबरलंय ते. रजा दिली त्याला चार दिस. पावत्या चुकाय लागल्या.” तो माझ्याकडे पाहत होता. “कशाला घाबरलाय एवढा?”

“त्याचाही फोन गेला असेल.”

“व्हय, तसंच म्हणला.”

त्याने पुस्तक उचललं. अंगठा मध्ये घालून उघडलं, पुन्हा मिटलं. “शुक्रवारपास्नं हात लावला न्हाई. बँक, पोलीस स्टेशन, बँक. पर डोक्यातनं जात न्हाई हो. भोंगा वाजतो का न्हाई? दार उघडतं का? आज घरी जाऊन फडशा पाडतो. म्हणलं जाता जाता तुमाला इचारून जावं, म्होरलं हाय का तुमच्याकडं.”

“भोंगा वाजतो,” मी म्हणालो.

“आं?”

“वाजतो. पहिलं दार उघडतं. गाव वाचतं, कारण नायिकेचा भाऊ हाताने दार बंद करतो. तो त्यात मरतो. दारं उघडणारा परदेशात नसतोच. तिचा साहेबच असतो, ज्याने तिला या कामावर नेमलं. पहिल्या प्रकरणात पहारेकऱ्याच्या खोलीतला दिवा त्यानेच घालवलेला असतो. शेवटी तो विमानतळावर सापडतो. तिच्या वडिलांचा जुना ट्रक असतो ना, त्याच्या नंबरवरून तिला पासवर्ड कळतो.”

त्याने तोंड वाकडं केलं.

“साहेबच?”

“साहेबच.”

“हात् तुमच्या मारी. पत्रकार, असं असतंय व्हय? सगळं सांगून बसलात!” त्याने पुस्तक टेबलावर टाकलं. “आता काय वाचायचं ह्यात? ठेवा तुमचं तुमाला. वाचनालयाला काहीतरी दुसरं द्या. शेळीपालनाचं द्या.”

तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, “पोरीचं खरंच लगीन निघालं तर हातानं पत्रिका आणून द्या. आन् नाव वरच्या ओळीत टाका.”

गाडी गेल्यावर मी दार लावलं आणि पुस्तक उघडलं. एकशे अडतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. एकशे एकसष्टपासून टिंबं होती तशी होती. साठ पानं, पंधरा गाड्या. एकशे चौऱ्याहत्तर आणि एकशे पंच्याहत्तर या पानांच्या मधल्या शिवणीत वाळूचे पाच-सहा कण होते. पुस्तक आधी तीन आठवडे काट्यावर होतं.

टिंबं मी खोडरबराने पुसली. त्या गाड्यांची बातमी दिली नाही.

पुढच्या सोमवारी पारगावचा पूल ओलांडून दौंडला जाताना मी जीप राहूच्या रस्त्याने घ्यायला लावली. काटा चालू होता. खिडकीत तो बसलेला होता. पावती फाडून त्याने ड्रायव्हरच्या हातात दिली आणि पुढच्या गाडीला हात केला. समोर पुस्तक नव्हतं.